रिपोर्टमध्ये ‘डिलीशन’ आलंय, म्हणजे नक्की काय गेलं?

मागे एकदा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा मेसेज आला, मजकूर काही नाही, नुसता रिपोर्टचा फोटो आणि खाली तीन प्रश्नचिन्हं. तिचा मुलगा साडेतीन वर्षांचा, शब्द जेमतेम आठ-दहा, म्हणून डॉक्टरांनी मायक्रोॲरे नावाची टेस्ट करायला सांगितली होती आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात आलं होतं, ‘१६पी११.२ डिलीशन, पॅथोजेनिक’. पॅथोजेनिक म्हणजे त्रासाला कारणीभूत ठरणारं. फोटो पाठवेपर्यंत तिचं गुगल करून झालंच होतं. ऑटिझम, फिट्स, लठ्ठपणा, सगळं एका दमात वाचलेलं. पुढचा मेसेज आला, ‘‘याचा एक क्रोमोझोमच नाहीये का गं?’’

नाही. क्रोमोझोम सगळेच्या सगळे आहेत. त्यातल्या एकातला एक छोटा तुकडा नाहीये.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. काही वर्षं जेनेटिक्सच्या लॅबमध्ये कॅरिओटाइपिंग केलंय, म्हणजे मायक्रोस्कोपखाली क्रोमोझोम बघायचे, मोजायचे आणि जोड्या लावायच्या. त्यामुळे असे फोटो माझ्याकडे येत राहतात आणि दर वेळी तेच तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं.

आधी मूळ हिशोब

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत क्रोमोझोमच्या म्हणजे गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, जोडीतला एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एकूण ४६. आज हा आकडा शाळेतल्या पोरांना पाठ असतो पण १९५६ पर्यंत शास्त्रज्ञ छातीठोकपणे ४८ सांगायचे, त्यामुळे एखादा तज्ज्ञ ‘‘हे अजून नीट कळलेलं नाही’’ म्हणाला की मला त्याचा राग येत नाही.

क्रोमोझोम म्हणजे डीएनएचा घट्ट गुंडाळलेला लांबलचक धागा. त्यावर चार रासायनिक अक्षरं उलटसुलट क्रमाने लिहिलेली, एका संचात साधारण ३०० कोटी अक्षरं. या मजकुरात अधूनमधून कामाचे उतारे आहेत, शरीराने अमुक प्रोटीन कसं बनवायचं ते सांगणारे. त्यांना जीन म्हणायचं, आणि असे साधारण २०,००० आहेत. मजकुरातला एखादा सलग तुकडा गळला तर ते डिलीशन, तोच तुकडा जास्तीचा छापला गेला तर ड्युप्लिकेशन. डाउन सिंड्रोममध्ये अख्खा २१ नंबरचा क्रोमोझोम जास्तीचा असतो, ती पुस्तकाच्या आख्ख्या खंडाची भानगड झाली. इथे पानांची आहे.

‘१६पी११.२’ हे वाचायचं कसं

हा पत्ता आहे. १६ हा क्रोमोझोमचा नंबर. प्रत्येक क्रोमोझोमला एका ठिकाणी कंबर असते, तिच्या एका बाजूला आखूड हात आणि दुसऱ्या बाजूला लांब. आखूड हाताला पी म्हणतात, फ्रेंचमध्ये छोट्याला ‘पेती’ म्हणतात त्यावरून, आणि लांब हाताला क्यू, का तर पीनंतर क्यू येतो! बस, इतकंच कारण. पुढचं ११.२ हे अकरा पॉइंट दोन नाही, ‘एक-एक पॉइंट दोन’ म्हणायचं, पहिल्या भागातला पहिला पट्टा आणि त्यातला दुसरा उपपट्टा. क्रोमोझोमला विशिष्ट रंग दिला की त्यावर पट्टेरी मोज्यासारखे काळे-पांढरे पट्टे उमटतात, हे नंबर त्या पट्ट्यांचे.

रिपोर्टच्या लांबलचक ओळीत शेवटी गुणिलेच्या खुणेपुढे एक आकडा असतो, आधी तो बघा. १ असेल तर दोनऐवजी एकच प्रत आहे, म्हणजे डिलीशन. ३ असेल तर एक प्रत जास्त, म्हणजे ड्युप्लिकेशन. फक्त मुलगा असेल आणि जागा एक्स क्रोमोझोमवरची असेल तर हिशोब बदलतो कारण मुलग्यांकडे एक्स मुळात एकच, तिथे ० म्हणजे डिलीशन आणि २ म्हणजे ड्युप्लिकेशन.

मैत्रिणीच्या मुलाचा गळलेला तुकडा सुमारे ६ लाख अक्षरांचा. ऐकायला प्रचंड, पण १६ नंबरच्या क्रोमोझोमवर ९ कोटी अक्षरं आहेत, म्हणजे ९०० पानांच्या पुस्तकातली ६ पानं. आणि तीसुद्धा एकाच प्रतीतली, दुसऱ्या प्रतीत ती जागच्या जागी आहेत.

दुसरी प्रत आहे ना, मग बिघडलं कुठे?

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि सगळी गोम इथेच आहे.

दोन माणसं जिन्यावरून सामान चढवतायत असं समजा. स्टूल असेल तर एकजण निघून गेला तरी दुसरा खांद्यावर टाकून नेतो, कोणाला कळतही नाही. बरेचसे जीन असे असतात, एका प्रतीवर निभावून जातं. पण लाकडी कपाट असेल तर? एकट्याने उचलत नाही, उचललं तर धडकतं. काही जीनचं तसं असतं, निम्म्या प्रोटीनवर त्यांचं भागत नाही. आणि तिसरा माणूस मदतीला आला तर बरंच की, असं वाटेल, पण अरुंद जिन्यात तिघे घुसले की कपाट वळणावर अडकतं. म्हणून जास्तीची प्रतसुद्धा फुकटचा फायदा नसते. प्रश्न जीन चांगला की वाईट हा नाहीच, प्रश्न मात्रेचा आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण १७ नंबरच्या क्रोमोझोमवर आहे. तिथे पीएमपी२२ नावाचा जीन नसांवरच्या आवरणासाठी लागणारं प्रोटीन बनवतो, वायरवर प्लास्टिकचं वेष्टण असतं ना, तसं ते आवरण. या जीनसकट तो तुकडा जास्तीचा झाला तर शार्को-मारी-टूथ हा आजार होतो, त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार हाच, पायाचे स्नायू हळूहळू बारीक होत जातात, चालताना पाऊल उचललं जात नाही. आणि तोच तुकडा, अगदी तेवढाच, गळाला तर वेगळंच होतं, नसा दाबाला हळव्या होतात. पायावर पाय टाकून बसलं की आपल्याला मुंग्या येतात आणि पाच मिनिटांत जातात, या लोकांचं पाऊल कधी कधी कित्येक दिवस, आठवडे लुळं राहतं. जीन तोच, त्यात एका अक्षराचीही चूक नाही, फक्त एकीकडे प्रती तीन आणि दुसरीकडे एक.

अशा आरशातल्या जोड्या अजून आहेत. ७ नंबरच्या क्यू हातावरचा एक तुकडा, त्यात पंचवीसेक जीन. गळाला तर विल्यम्स सिंड्रोम. ही मुलं अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतील इतकी मोकळी असतात, आणि त्या तुकड्यात रक्तवाहिन्यांना लवचिकपणा देणारा इलास्टिनचा जीन असल्यामुळे हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी अरुंद असू शकते. तोच तुकडा जास्तीचा असलेली मुलं बोलायला उशीर करतात आणि बऱ्याच जणांना लोकांत मिसळायची प्रचंड भीती वाटते. आणि आपलं १६पी११.२? डिलीशन असेल तर वजन वाढण्याकडे आणि डोक्याचा घेर मोठा असण्याकडे कल, ड्युप्लिकेशन असेल तर वजन कमी आणि डोकं लहान असण्याकडे. बोलण्याच्या-शिकण्याच्या अडचणी आणि ऑटिझमची शक्यता मात्र दोन्हीकडे वाढते, म्हणजे सगळ्याच गोष्टी आरशासारख्या उलट्या होतात असं नाही.

तुकडा मोठा म्हणजे त्रास मोठा?

ढोबळमानाने हो, कारण मोठ्या तुकड्यात जीन जास्त. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. कोरी पानं गळली तर काय फरक पडतो, आणि महत्त्वाची एक ओळ गळली तरी अर्थ जातो. बऱ्याच आरएच निगेटिव्ह रक्तगटाच्या लोकांमध्ये आरएचडी हा अख्खा जीन दोन्ही प्रतींमधून गायब असतो. डिलीशनच की हे! रक्त द्यायची-घ्यायची वेळ किंवा गरोदरपण सोडलं तर त्यांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. २००४ मध्ये धडधाकट लोकांच्या डीएनएची अशी तपासणी झाली तेव्हा कळलं की छोटी-मोठी डिलीशन आणि ड्युप्लिकेशन सगळ्यांमध्येच असतात. माझ्यात आहेत, तुमच्यातही आहेत.

आणि एक विचित्र प्रकार, हा मला लॅबमध्ये पहिल्यांदा कळला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली होती. १५ नंबरच्या क्यू हातावर एक भाग आहे, तिथे शरीर प्रत आईकडची की वडिलांकडची ते लक्षात ठेवतं, आणि काही जीन एकाच बाजूचे चालू ठेवतं. वडिलांकडच्या प्रतीतला तो भाग गळाला तर प्राडर-विली सिंड्रोम, म्हणजे बाळ सुरुवातीला अगदी ढिलं, दूधही नीट ओढत नाही आणि नंतर कधीच न शमणारी भूक. आईकडच्या प्रतीतला तोच भाग गळाला तर अँजलमन सिंड्रोम, बोलणं जवळपास नाही, फिट्स, चालताना तोल जाणं आणि कारण नसताना खुदकन हसणं. नकाशावर जागा एकच.

हे झालं कसं, आणि चूक कोणाची?

कोणाचीच नाही. हे वाक्य मी फोनवर तीन वेळा म्हटलं आणि तिन्ही वेळा मैत्रिणीने ‘‘पण मी गरोदर असताना...’’ असं काहीतरी काढलंच.

स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोडीतले दोन क्रोमोझोम एकमेकांशेजारी येऊन चिकटतात आणि काही तुकड्यांची अदलाबदल करतात. त्यासाठी दोघांची बरोबर जोडणी व्हावी लागते, शर्टाची काजं आणि बटणं जुळवावी तशी. आता काही ठिकाणी जवळजवळ सारखाच मजकूर थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा येतो. तिथे जोडणी फसते, पहिलं बटण दुसऱ्या काजात जातं. घाईत शर्ट घातला की शेवटी एका बाजूला बटण उरतं आणि दुसऱ्या बाजूला काज, तसंच इथे अदलाबदल झाल्यावर एका क्रोमोझोममध्ये तुकडा कमी आणि दुसऱ्यात तेवढाच जास्त. डिलीशन आणि ड्युप्लिकेशनच्या जोड्या का सापडतात ते यावरून कळेल. आणि एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेल्या कुटुंबांत तंतोतंत तेवढाच तुकडा का गळतो तेही, कारण फसायच्या जागा सगळ्यांच्या क्रोमोझोममध्ये त्याच आहेत.

हे आई किंवा वडिलांच्या शरीरात गर्भ राहायच्या आधी होतं, त्यामुळे गरोदरपणातलं जागरण, पडणं, एखादी गोळी यांचा इथे काही हात नसतो. डाउन सिंड्रोमचा आईच्या वयाशी जसा ठळक संबंध आहे तसाही या छोट्या डिलीशनचा नाही. २२क्यू११.२ डिलीशन यातलं सगळ्यात जास्त आढळणारं, साधारण ४,००० जन्मांमागे एक, आणि त्यातल्या दहापैकी नऊ मुलांच्या आईवडिलांमध्ये ते नसतंच, मुलातच पहिल्यांदा उद्भवलेलं असतं. सगळ्याच तुकड्यांचं एवढं नवं नसतं, काही बऱ्याचदा आईवडिलांकडूनही येतात, ते पुढे बघू.

आधी क्रोमोझोमची टेस्ट नॉर्मल आली होती, मग ती चुकली का?

मैत्रिणीच्या मुलाचा दीड वर्षापूर्वी कॅरिओटाइप केला होता, ‘४६,एक्सवाय, नॉर्मल’. तिचा सगळा राग त्या कागदावर. पण तो खरंच बरोबर होता, मी स्वतः तेच काम केलंय म्हणून सांगते. स्क्रीनवर एका पेशीतले ४६ क्रोमोझोम विस्कटलेले दिसतात, कोणी वाकडा, कोणी दुसऱ्यावर पडलेला, ते एकेक उचलून जोड्या लावायच्या आणि पट्टा न् पट्टा जुळवून बघायचा. नजर कितीही तयार असली तरी ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा लहान फरक तिथे दिसत नाही. ६ लाखांचा तुकडा म्हणजे विमानातून खाली बघून गच्चीवरची कुंडी शोधण्यासारखं.

१९६३ मध्ये फ्रान्समध्ये ५ नंबरच्या आखूड हाताचं डिलीशन सापडलं, त्या बाळांचं रडणं मांजराच्या पिल्लासारखं, स्वरयंत्र वेगळं घडलेलं असल्यामुळे. ते त्या काळच्या मायक्रोस्कोपखाली दिसलं कारण तुकडा चांगलाच मोठा होता. छोट्या तुकड्यांसाठी मायक्रोॲरे लागतो. त्यात क्रोमोझोम डोळ्यांनी बघतच नाहीत, एका काचेवर डीएनएचे लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक जागेचा डीएनए किती प्रमाणात आहे ते मोजतात. म्हणून २०१० मध्ये विकासात मागे पडणाऱ्या किंवा ऑटिझम असलेल्या मुलांसाठी कॅरिओटाइपच्या आधी मायक्रोॲरेच करावा अशी शिफारस झाली. त्यात साधारण १५ ते २० टक्के मुलांमध्ये कारण सापडतं, डाउनसारखी ओळखू येणारी मुलं वगळली तर कॅरिओटाइपमध्ये ३ टक्क्यांच्या आसपास.

तरी माझ्या जुन्या कामाची थोडी बाजू घेते. मायक्रोॲरे फक्त मोजतो, जागा बघत नाही. दोन क्रोमोझोमनी तुकड्यांची अदलाबदल केलेली असेल आणि एकूण माल तेवढाच असेल तर त्याला पत्ता लागत नाही, कॅरिओटाइपला लागतो. आईवडिलांपैकी एकात अशी अदलाबदल असेल तर ते स्वतः ठणठणीत असतात पण मुलाकडे अर्धवट माल जाऊ शकतो, आणि एकापेक्षा जास्त गर्भपातही होऊ शकतात. त्यामुळे मुलात काही सापडलं की आईवडिलांची टेस्ट त्या दृष्टीनेही बघितली पाहिजे.

बाबांमध्येही तेच निघालं, आणि ते तर धडधाकट आहेत!

हो, तेच झालं. तीन आठवड्यांनी दोघांचे रिपोर्ट आले, मैत्रिणीचा कोरा आणि तिच्या नवऱ्यात अगदी तेवढंच डिलीशन. हा माणूस नोकरी करतो, गाडी चालवतो, टॅक्स भरतो. तो म्हणाला, ‘‘मग याचा त्रास यामुळे नाहीच, लॅबने काहीतरी घोळ घातलाय.’’ तेवढ्यात त्याची आई सहज म्हणाली की हा पण चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आम्ही म्हणायचो मुलं बोलतात उशिरा, आणि वाचायला शिकताना तर किती रडलाय. वजनाचा तर लहानपणापासून डोंगर. कोणीच या गोष्टी कधी एकत्र मांडल्या नव्हत्या.

एकच डिलीशन दोन माणसांत वेगळं का दिसतं? कारण ते एकटं काम करत नाही, बाकीचे २०,००० जीन, आजूबाजूची परिस्थिती, मिळालेली मदत आणि निव्वळ योगायोग हे सगळं त्यात मिसळतं. डिलीशन माणसाला खड्ड्यात टाकत नाही, तो जिथे उभा राहिला असता तिथून काही पायऱ्या खाली आणतं. वरच्या पायरीवरून निघालेला अजूनही जिन्यावरच दिसतो, आणि मुलाला आईकडूनही काही ना काही मिळालेलं असतं त्यामुळे त्याची सुरुवातीची पायरी वेगळी. म्हणून ‘बाबा ठीक आहेत म्हणजे मूलही ठीक होईल’ हे जसं चूक, तसंच ‘गुगलवर पाच आजार लिहिलेत म्हणजे पाचही होणार’ हेही चूक.

पुढच्या बाळाचा हिशोब मात्र यावरून बदलतो. दोघांतही नसतं तर पुन्हा होण्याची शक्यता साधारण १ टक्का, शून्य म्हणत नाहीत कारण काही स्त्रीबीजांत किंवा शुक्राणूंत ते लपलेलं असू शकतं. एकात असेल तर प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के.

गरोदरपणातच कळलं नसतं का?

आईच्या रक्तातून जी तपासणी करतात, एनआयपीटी, तिच्या काही पॅकेजमध्ये छोटी डिलीशनही असतात. ती चाळणी आहे, निदान नाही. तिथे मोजला जाणारा डीएनए मुळात वारेतून आलेला असतो, बाळाचा नाही, आणि गोष्ट जितकी दुर्मीळ तितके खोटे इशारे जास्त. त्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नये, वारेचा तुकडा किंवा गर्भजल काढून मायक्रोॲरे केला की मगच पक्कं म्हणायचं.

तुकडा परत बसवता येत नाही, मग कळून फायदा काय?

बसवता येत नाही हे खरंच आहे. पण २२क्यू११.२ चं उदाहरण घ्या. ते आहे हे माहीत असेल तर हृदयाचा इको होतो, रक्तातलं कॅल्शियम तपासलं जातं, नाहीतर ते अचानक उतरून फिट येते आणि सगळे मेंदूत कारण शोधत बसतात. तोंडातल्या टाळूला दोष आहे का ते बघतात, कारण बोलणं नाकातून येतं ते कधी कधी त्यामुळे. जिवंत विषाणूंच्या लशी द्यायच्या आधी प्रतिकारशक्ती तपासतात. मोठेपणी स्किझोफ्रेनियाचा धोका साधारण चारात एकाला असतो, तेव्हा वागणं बदललं तर ‘वयच तसं आहे’ म्हणून कोणी दुर्लक्ष करत नाही. विल्यम्समध्ये भूल द्यायच्या आधी हृदय तपासणं जिवावरचं टाळू शकतं. १६पी११.२ मध्ये स्पीच थेरपी लगेच, वजनावर लहानपणापासून लक्ष, आणि फिट आली तर ती कशामुळे असू शकते हे डॉक्टरांना आधीच ठाऊक. शिवाय या टेस्टवरून त्या टेस्टवर वर्षानुवर्षं चालणारी वणवण थांबते, ही गोष्ट मी कमी समजत नाही.

आणि ती दुसरी ओळ

मैत्रिणीच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये खाली बारीक अक्षरात अजून एक ओळ होती, दुसऱ्याच क्रोमोझोमवरचं एक छोटं ड्युप्लिकेशन, पुढे ‘व्हीयूएस’. गंमत म्हणजे तिला वरच्या ठळक ओळीपेक्षा याचीच जास्त धास्ती, कारण याबद्दल गुगलवर काहीच सापडेना. व्हीयूएस म्हणजे अर्थ अजून न लागलेला बदल. त्याला अर्धा आजार समजू नका, संशयितही समजू नका. त्यावर उपचार ठरवत नाहीत, गर्भाबद्दल निर्णय तर नाहीच नाही. जगभरच्या लॅब आपापली माहिती एकत्र टाकत असतात, त्यामुळे काही वर्षांत त्यातले बरेचसे ‘निरुपद्रवी’कडे जातात आणि थोडे ‘पॅथोजेनिक’कडे. पण हे आपोआप कोणी फोन करून कळवेलच असं नाही, आपणच दोन-तीन वर्षांनी जेनेटिक काउन्सेलरला पुन्हा बघायला सांगायचं. तेव्हा नवीन रिपोर्टमधले लांबलचक आकडे जुन्यापेक्षा वेगळे दिसले तर दचकू नका, लॅब वापरतात त्या डीएनएच्या नकाशाची आवृत्ती बदलली की पत्त्याचे आकडे सरकतात, तुकडा तोच असतो. मैत्रिणीला मी दोन्ही रिपोर्टच्या पीडीएफ जपून ठेवायला सांगितल्या, नुसते फोटो नकोत, कारण तिने पाठवलेल्या फोटोत नेमका गुणिलेपुढचा तो १ तिच्या अंगठ्याखाली झाकला गेला होता.